डोनरच्या स्ट्रोमल पेशींसाठी सहा लाख भरण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. दिरांना एएमएल (रक्ताचा कॅन्सर), पुढच्या महिन्यात मज्जेचा ट्रान्सप्लांट, डोनर नणंद, फुल मॅच म्हणजे पेशींची जुळणी पूर्ण. एका खासगी केंद्राच्या माणसानं सांगितलंय की नणंदेच्याच मज्जेतल्या ‘स्ट्रोमल पेशी’ वाढवून सोबत दिल्या की जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींचा पेशंटच्या शरीरावर हल्ला) होत नाही आणि त्याचे सहा लाख पडतील. शेतीवर कर्ज काढून भरावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगतो: भरू नका. रीतसर ट्रायलमध्ये, तुमच्या ट्रान्सप्लांट डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पैसे न घेता मिळत असेल तर विचार करा, पण तेव्हाही एक गोष्ट विचारल्याशिवाय सही करू नका. ती पुढे सांगतो.

मी डॉक्टर नाही. २०१७ मध्ये धाकट्या भावाला एएमएलसाठी मीच डोनर होतो आणि नंतरचे सहा महिने हॉस्पिटलजवळ खोली घेऊन त्याच्यासोबत राहिलो. तेव्हापासून पेशंटच्या घरच्यांशी रोज बोलणं होतं आणि या स्ट्रोमल पेशींबद्दल जे जे समजेल ते वाचत आलोय, कारण त्या काळात मलाही त्यांची फार आशा वाटली होती.

मज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना आधार देणारी गादीही असते. या गादीतल्या पेशी म्हणजे स्ट्रोमल. दोन्हींची गल्लत करू नका. ट्रान्सप्लांट होतो तो रक्त तयार करणाऱ्या पेशींचा. स्ट्रोमल पेशी मज्जेत इतक्या थोड्या असतात की डोनरच्या कमरेच्या हाडातून थोडी मज्जा काढून, प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये तळाला चिकटू देऊन, काही आठवडे वाढवाव्या लागतात. शिरेतून दिल्यावर बहुतेक आधी फुफ्फुसात अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. पण तेवढ्यात त्या डोनरच्या चवताळलेल्या टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) शांत करणारे संदेश सोडतात. जीव्हीएचडी म्हणजे डोनरच्या पेशींनी पेशंटची कातडी, आतडी, यकृत परकं समजून त्यावर हल्ला करणं. म्हणजे कल्पना खोटी नाही.

तिची सुरुवातही खरी आहे. स्टॉकहोममध्ये कॅरोलिन्स्का या वैद्यकीय संस्थेच्या डॉ. कॅटरिना ल ब्लाँक यांनी एका ९ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईच्या स्ट्रोमल पेशी दिल्या. जीव्हीएचडी सगळ्यात वरच्या ग्रेडचा, स्टिरॉइडला दाद न देणारा, आणि तो आटोक्यात आला. हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २००८ मध्ये त्यांनी ५५ पेशंटचे निकाल दिले, त्यातल्या ३० जणांचा जीव्हीएचडी पूर्ण उतरला होता. पुढे जपाननं २०१५ मध्ये अशा पेशींना परवानगी दिली. अमेरिकेनं कंपनीला दोनदा परत पाठवून अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ‘रायोन्सिल’ हे स्ट्रोमल पेशींचं औषध मंजूर केलं. ज्या चाचणीवर ते मंजूर झालं तिच्यात ५४ मुलं होती आणि २८व्या दिवशी ७० टक्क्यांना फरक पडला होता.

पण ताई, हे सगळं कशासाठी मंजूर झालं ते नीट पाहा. अमेरिकेतली परवानगी फक्त मुलांसाठी आहे, तीही जीव्हीएचडी झाल्यावर आणि स्टिरॉइड फेल गेल्यावर. तो होऊ नये म्हणून आधीच द्यायला नाही, आणि दिरांसारख्या मोठ्या माणसांना तर नाहीच. तुम्हाला दाखवलेल्या माहितीपत्रकात मुलांवरच्या उपचाराचे आकडे घालून मोठ्यांसाठी प्रतिबंध विकला जातोय, असं मला वाटतं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

प्रतिबंधासाठी काम झालंच नाही असं नाही. मॉस्कोच्या रक्तविज्ञान केंद्रात ३७ पेशंटवर अगदी हाच प्रयोग झाला, डोनरच्याच स्ट्रोमल पेशी, ट्रान्सप्लांटनंतर रक्तपेशींचा काउंट वर यायला लागल्यावर. नेहमीच्या औषधांवरच्या १८ पैकी बऱ्याच जणांना मध्यम ते गंभीर जीव्हीएचडी झाला, पेशी मिळालेल्या १९ पैकी एकालाच. २०१२ चा हा निकाल वाचून माझेही डोळे चमकले होते. चीनमध्ये हाफ मॅचच्या (अर्धीच जुळणी असलेल्या) १२४ पेशंटवर नाळेच्या पेशी वापरल्या आणि जुनाट जीव्हीएचडी ४९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत उतरला.

आता दुसरी बाजू. २००८ मध्ये चीनमधलाच एक छोटा अभ्यास छापून आला. रक्ताचा कॅन्सर, सख्खं भावंड डोनर, फुल मॅच, म्हणजे अगदी तुमच्यासारखी केस. दहा जणांना ट्रान्सप्लांटसोबत स्ट्रोमल पेशी दिल्या, पंधरा जणांना नाही. पेशीवाल्यांना जीव्हीएचडी कमी झाला. पण त्या दहापैकी सहा जणांचा आजार उलटला (यालाच रिलॅप्स म्हणतात), दुसऱ्या गटात पंधरापैकी तिघांचा.

पंचवीस पेशंटवरून निकाल लावता येत नाही, हे मान्य. पण भीतीचं कारण समजण्यासारखं आहे. एएमएलमध्ये केमोनंतर लपून राहिलेल्या कॅन्सरपेशी शोधून मारतात त्या डोनरच्याच टी-पेशी. त्यांना सरसकट झोपवलं तर आतडं वाचेल, पण पहाराही उठेल. थॅलेसेमियात किंवा अप्लास्टिक ॲनिमियात मारायला कॅन्सर नसतो, तिथे हिशेब वेगळा. तुमच्याकडे एएमएल आहे. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा: ‘यानं रिलॅप्स वाढणार नाही याचा तुमच्याकडे काय पुरावा आहे?’ समोरचा ‘काही साइड इफेक्ट नाही’ एवढंच म्हणाला तर उठून या.

आपल्याकडचा नियमही माहीत असू द्या. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, जे स्टेम सेल उपचार (त्यात या पेशीही येतात) मंजूर नाहीत ते फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी हवी, एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, आणि त्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. नोंदणी क्रमांक मागा. सहा लाखांची पावती देणारा हा क्रमांक देईल का, ते तुम्हीच बघा.

नणंदेचंही कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. स्ट्रोमल पेशींसाठी तिच्या कमरेतून वेगळी मज्जा काढावी लागेल, तीही ट्रान्सप्लांटच्या काही आठवडे आधी, म्हणजे तुमच्या हिशेबानं जवळपास आत्ताच. घरात सगळे भावाकडे बघत असताना डोनरला नाही म्हणता येत नाही. मी त्या जागी होतो. तिला एकटीला बसवून विचारा.

जीव्हीएचडी होऊ नये म्हणून जी औषधं नेहमी देतात ती दिरांनाही देतील: सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, सोबत मिथोट्रेक्सेटचे मोजके डोस. हल्ली बरीच केंद्रं त्याऐवजी ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देतात. २०२३ मध्ये मोठ्या अमेरिकन चाचणीत त्याचा चांगला फायदा दिसला, फुल मॅचमध्येसुद्धा. हे औषध जुनं आणि त्या मानानं स्वस्त आहे. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. आणि जीव्हीएचडी होऊन स्टिरॉइड फेल गेलंच तर आता रुक्सोलिटिनिब हे औषध आहे. भावाच्या वेळी ते कुणी सहज लिहून देत नव्हतं.

आमची चूक सांगतो, ती तुमच्याकडून होऊ नये. तेविसाव्या दिवशी भाऊ म्हणाला, ‘दादा, मिरच्या चिरल्यावर हात चुरचुरतात तसं होतंय.’ तळवे लालसर होते. मे महिना, पत्र्याची खोली, मी उन्हाळ्यावर ढकललं. दोन दिवसांनी कानामागे आणि तळपायाला पुरळ, आणि रात्रीत आठ जुलाब. वॉर्डात नर्सनं पहिलं विचारलं ते ‘किती मिली?’ मला सांगता येईना. आतड्याचा जीव्हीएचडी जुलाबाच्या मापावर ठरवतात, दिवसाला अर्धा लिटर, एक लिटर, दीड लिटर अशा पायऱ्यांनी. त्या दिवशी मी प्लास्टिकचं मापाचं भांडं आणलं आणि वही घातली: तारीख, वेळ, मिली, रंग. स्टिरॉइड सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी वाढतोय का, सातव्या दिवशी उतरला का, हे डॉक्टर बघतात. आमच्याकडे ते त्या वहीवरूनच कळलं. पाचव्या दिवसापासून आकडा खाली यायला लागला.

सायक्लोस्पोरिनची रक्तातली लेव्हल तपासायला द्यायच्या दिवशी सकाळची गोळी आधी देऊ नका, रक्त काढल्यावरच द्या. आम्ही एकदा घाईत आधी दिली, लेव्हल खोटी वर आली आणि डोस उगाच कमी होता होता राहिला.

त्या सहा लाखांचं कर्ज आत्ता काढू नका, पण गावी कुणी देऊ शकेल का ते बोलून ठेवा. पहिल्या शंभर दिवसांत परत ॲडमिट व्हावं लागलं, सीएमव्ही (एक विषाणू) निघाला, तर खर्च अचानक येतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची भेट या आठवड्यातच उरका, कागदपत्रांना वेळ लागतो.

डॉक्टरांची पुढची भेट कधी आहे? रिलॅप्सचा प्रश्न आणि सायक्लोफॉस्फामाइडचा प्रश्न, दोन्ही कागदावर लिहून न्या आणि ते काय म्हणाले ते इथे कळवा.