पॉड तुटून पडतो, मग बोटीचं काय?

(‘इंजिनरूममधून’ या सदरात निवृत्त चीफ इंजिनीअर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आमच्या ह्यांना आणि त्यांच्या तिघा मित्रांना साठी जवळ आल्यावर गळाने मासे धरायचा नाद लागला आहे. आजवर मांडव्याहून भाड्याची बोट घ्यायचे. आता परदेशातून आलेली, 42 फुटी, दोन डिझेल इंजिनांची सेकंडहँड स्पोर्टफिशिंग बोट चौघांत घ्यायचं घाटतंय. तिला शाफ्ट नाहीत, पॉड आहेत. पाण्याखाली काही जोरात लागलं तर पॉड तुटून पडतो, हे विकणारा फार कौतुकाने सांगतो. यात कौतुक कसलं? तळाला भोक पडून बोट बुडणार नाही का?
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : ताई, विकणारा खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतोय.

आधी पॉड म्हणजे काय ते. जुन्या पद्धतीच्या बोटीत इंजिनापासून एक लांब शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तळातून तिरका बाहेर पडतो, त्याला खालून स्ट्रट नावाचा पाय आधार देतो, टोकाला प्रोपेलर आणि मागे रडर, म्हणजे सुकाणू. पॉडमध्ये हे सगळं एका खालच्या पायात कोंबलेलं असतं. इंजिन आतच राहतं, गिअर ताकद आधी उभी खाली नेतात, मग पुन्हा आडवी करतात. अख्खा पाय वळतो, म्हणून रडर लागत नाही. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटाने 2005 च्या सुमारास आयपीएस नावाचं पॉड आणलं. त्यात दोन उलटसुलट फिरणारे प्रोपेलर पुढे तोंड करून बोट ओढतात. पाठोपाठ आलेल्या झ्यूस नावाच्या पॉडमध्ये ते मागे तोंड करून, तळातल्या खोबणीत बसवलेले असतात आणि खाली पात्यासारखा एक स्केग असतो. तुमच्या बोटीला यातलं कुठलं आहे, ते पहिल्यांदा विचारा. आयपीएसमध्ये पाण्यातल्या ओंडक्याला सगळ्यात आधी प्रोपेलरच सामोरा जातो.

आता तुटण्याचं. पायाचा सांधा तळाच्या खाली, ठरलेल्या जागी सुटावा अशीच रचना असते. वरचा भाग, रबराचं सील आणि हल, म्हणजे बोटीचं कवच, जागेवर राहतात. दणका बोटीच्या अंगात शिरण्याआधी पाय स्वतः जातो. शाफ्टच्या बोटीत असा ठरवलेला दुबळा सांधा नसतो. एका यार्डात मी खडकावर गेलेली शाफ्टची बोट उचललेली पाहिली आहे. प्रोपेलरची पाती मुडपलेली, शाफ्टला बाक, आणि स्ट्रटने उखडताना तळातलं फायबरग्लास बोल्टांसकट खाली ओढलेलं. त्या भोकात माझी मूठ सहज जात होती. तेव्हा नुसतं बुडण्याचंच भय असेल, तर पॉड हा शाफ्टपेक्षा वाईट नाही, बराच बरा. मात्र झ्यूसचा स्केग आधी जातो, आणि कुठल्याही पॉडचा सांधा आधी कुणी उघडून नीट जोडला नसेल तर हा हिशोब धरू नये.

आता उरलेलं अर्धं. पाय गेला की त्या बाजूचा जोर गेला आणि त्या बाजूचं वळणंही गेलं. शाफ्टच्या बोटीत एक प्रोपेलर खराब झाला तरी रडर शाबूत असू शकतो. इथे एका पॉडवर हळूहळू घरी यायचं, आणि ओंडका आडवा लागून दोन्ही गेले तर नांगर टाकून कुणाची तरी वाट बघायची. शिवाय नवा पाय विजेच्या दुकानातला पंखा नव्हे. तो मागवायचा, बोट उचलायची, कंपनीच्या माणसाने लॅपटॉप लावून जुळवायचा. मांडवा-अलिबागच्या बाजूला हे कोण करेल, किती दिवसांत करेल, याचं उत्तर विकणाऱ्याकडून कागदावर घ्या.

मला मात्र खरी धास्ती वाटते ती जे तुटत नाही त्याची. आपल्या किनाऱ्यावर पाऊस सरता सरता खाड्यांतून झाडांचे ओंडके वाहत येतात, अर्धे पाण्यात, वरून दिसतच नाहीत. पाण्यात रोवलेले डोल जाळ्यांचे खुंटे, तुटलेली जाळी, बोयांचे नायलॉन दोर हे वेगळंच. यांतला प्रत्येक दणका पाय पाडण्याइतका मोठा नसतो. दोर दोन प्रोपेलरांच्या मधल्या फटीत जाऊन सीलपाशी गुंडाळतो आणि बाहेरून काही कळत नाही. आठवड्याभराने गिअरचं तेल काढलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं. म्हणजे पाणी आत गेलं, आता बेअरिंगं आणि गिअर जाणार. म्हणून काही लागल्यासारखं वाटलं तर लगेच न्यूट्रल, बिल्ज (बोटीच्या तळाची पोकळी) उघडून पॉडच्या गळ्याभोवती हात फिरवून पाहणं, कंप वाढला का ते ऐकणं, आणि धक्क्यावर आल्यावर तेलाचा नमुना. ‘चालतेय ना, मग राहू दे’ हे वाक्य या बोटीवर फार महागात पडतं.

वेगाचंही बघा. 30 नॉट म्हणजे सेकंदाला साधारण 15 मीटर. ओंडका 60 मीटरवर दिसला तर हातात चार सेकंद. आणि 8 नॉटच्या तुलनेत दणक्यातली ऊर्जा चौदापट. सूर्य डोळ्यांवर असताना फुल थ्रॉटल मारणं हा शहाणपणा नाही, पॉड असो की शाफ्ट.

विम्याची पॉलिसी स्वतः वाचा, मित्रमंडळींवर सोडू नका. इंग्लिश यॉट क्लॉजच्या, म्हणजे तिकडच्या बोट-विम्याच्या ठरावीक अटींच्या, धर्तीवरच्या पॉलिसीत 17 नॉटच्या वर धावणाऱ्या बोटींसाठी वेगळं कलम असतं. त्यात रडर, स्ट्रट, शाफ्ट, प्रोपेलर यांचं नुकसान दुसऱ्या बोटीला, धक्क्याला किंवा जेटीला लागून झालं नसेल, तर बहुतेक वेळा भरून मिळत नाही. ओंडका यातला कुणीच नाही. पॉड या यादीत मोडतो का, हे आधीच लेखी विचारून ठेवा.

फायदेही सांगतो, नाहीतर तुमच्या ह्यांना वाटेल की मी बायकोचा वकील. जॉयस्टिकने बोट जागच्या जागी फिरते, मासा लागला की मागे घेणं सोपं जातं. आयपीएसचा धूर पॉडमधून पाण्याखाली सुटतो, म्हणून मागच्या डेकवर उभ्या असलेल्याचं नाक वाचतं. शाफ्टपेक्षा 30 टक्के इंधन वाचतं, असा कंपनीचा दावा आहे. वाचतं हे खरं, पण तुमच्या बोटीचा आकडा चाचणीतच कळेल. तरी मला विचाराल तर, चौघांत एकालाही इंजिनाची जाण नसेल आणि शनिवारी-रविवारीच पुण्याहून जायचं असेल, तर शाफ्टची किंवा आउटबोर्डची (मागे बाहेर मोटर टांगलेली) बोट बघा.

प्रश्न : पानशेतला आउटबोर्डची बोट तळाला घासली आणि मोटर आपोआप वर उचलली गेली. मग पॉडपेक्षा हेच सुरक्षित नाही का?
— एक विद्यार्थी, धायरी

उत्तर : हळू चालताना, हो. आउटबोर्ड मागच्या कडेला टांगलेली असते, खाली अडखळली की कबजावर वर झुलते. पण रिव्हर्समध्ये ती उचलू नये म्हणून अडकवलेली असते, तेव्हा सगळा मार पायालाच बसतो. आणि भरधाव असताना ओंडक्यावर गेली तर मोटर उसळून थेट बोटीत येऊ शकते, म्हणून तिच्या पुढ्यात पाठमोरं बसू नये. धरणात आणखी एक लक्षात ठेव. पाणी उतरलं की तळ बदलतो. पवना धरणात वाघेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं, त्याच जागेवरून पावसाळ्यानंतर बोट जाते. मधल्या महिन्यांत देवळाचा माथा पाण्याखाली हातभर असतो की पुरुषभर, हे गावातल्या नावाड्यालाच विचारावं.

प्रश्न : फिशफाइंडरवर समोरचा ओंडका दिसतो का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही. तो बोटीच्या खाली बघतो, ओंडका दिसेपर्यंत आपण त्याच्यावरून गेलेलो असतो. पुढे बघणारे सोनार मिळतात, पण त्यांची नजर जवळची, सावकाश जाणाऱ्या बोटीला उपयोगी. 30 नॉटला पुढे एक माणूस लागतो, आणि मासा लागला तरी त्याने जागा सोडायची नाही.