गार्गॉईलचा टॅटू : खरी आकृती कोणती?

प्रश्न : मला हातावर गार्गॉईलचा टॅटू काढून घ्यायचा आहे. टॅटू काढणाऱ्याने दाखवलेल्या चित्रात शिंगे आणि पंख असलेला, हनुवटी तळहातांवर टेकलेला राक्षस आहे. ही आकृती मध्ययुगातली असल्याचे तो सांगतो. ते खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण वर्णन केलेला राक्षस पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलवरचा ‘स्ट्रीज’ आहे, मात्र तो मध्ययुगातला नाही आणि काटेकोरपणे पाहिले तर गार्गॉईल, म्हणजे छपराचे पाणी बाहेर फेकणारी दगडी पन्हळही नाही. १८४४ नंतरच्या जीर्णोद्धारात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यांनी मनोऱ्यांच्या सज्जावर जे काल्पनिक प्राणी नव्याने बसवले, त्यांपैकी तो एक. या प्राण्यांना ‘शिमेर’ म्हणतात आणि ते केवळ शोभेचे असतात.

गार्गॉईलला मात्र काम असते. छपरावरचे पाणी भिंतीवरून ओघळत राहिले, तर दगडांच्या सांध्यांतला चुना हळूहळू धुपून जातो. म्हणून तेराव्या शतकातल्या गॉथिक कारागिरांनी पाणी भिंतीपासून लांब फेकणाऱ्या दगडी पन्हळी बसवल्या आणि त्यांना जनावरांचे रूप दिले. जनावराच्या पाठीवर लांबट चर खोदलेला असतो, त्यातून पाणी येते आणि वासलेल्या जबड्यातून खाली पडते. ताणलेली मान, आडवे शरीर आणि भिंतीला घट्ट धरलेले पंजे ही सारी ठेवण या कामातूनच आलेली आहे, आणि माझ्या मते तिचे खरे सौंदर्यही तिथेच आहे. आपल्या मंदिरांतली मकरमुखी प्रणालेही गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर सोडतात.

स्ट्रीज आवडला असेल तर तो जरूर काढावा, फक्त त्याला मध्ययुगीन म्हणू नये. गार्गॉईलच हवा असेल, तर दंडापेक्षा मनगट ते कोपर हा लांबट भाग निवडावा, कारण आडवे शरीर तिथे न मुडपता बसते. उघडा जबडा आणि भिंतीची थोडी कड चित्रात असायलाच हवी. कड गाळली, तर तो नुसता ड्रॅगन दिसतो. दगडाचा पोत काळ्या-करड्या छटांनी उठवावा. फार बारीक भेगा काढू नयेत, कारण त्वचेतली शाई कालांतराने पसरते आणि जवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात. नमुन्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या गॉथिक शैलीतल्या इमारतीवर, भिंतीबाहेर झेपावलेले गार्गॉईल आहेत. त्यांचे छायाचित्र समोरून न घेता बाजूने घ्यावे आणि तेच टॅटू काढणाऱ्याला द्यावे.