प्रसूतिकक्षातला छोटा बदल आधी तपासून कसा पाहायचा?

नवजात बाळं थंड पडतात, तर सगळ्या पाळ्यांसाठी परिपत्रक काढावं का, असा प्रश्न आहे. आत्ता काढू नका. आधी एक सिस्टर, एक पाळी, एकच प्रसूती.

बदल नेमका लिहा: पंखा बंद, खोली २५ अंशांच्या वर, दोन कोरडे कपडे आधीच वॉर्मरखाली गरम केलेले. पहिल्या कपड्याने बाळ पुसायचं आणि तो ओला कपडा लगेच काढून टाकायचा (इथेच सर्वांत जास्त चुकतं). बाळ उघडं आईच्या छातीवर, डोक्याला टोपी, दुसरा कपडा दोघांवरून. तासाभराने काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ हवं. काय होईल याचा तुमचा अंदाजही आधीच लिहा. तो नसेल तर नंतर शिकायला काही उरत नाही.

त्याच दिवशी सिस्टरला विचारा, कुठे अडलं? कपडे दुसऱ्या खोलीतल्या कपाटात होते, गाऊन पुढून उघडत नव्हता, की वजन करायची घाई झाली? तेवढंच दुरुस्त करून पुढच्या पाच प्रसूतींत बघा. मग रात्रपाळी, मग सिझेरियन. दिवसा जमलेलं रात्री एकट्या सिस्टरला जमेलच असं नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

दर आठवड्याला थंड बाळांची टक्केवारी आलेखावर मांडा, जुन्या आकड्यांची मध्यक रेषा (निम्मे आकडे वर, निम्मे खाली) ओढा. सलग सहा बिंदू रेषेखाली आले की बदल खरा समजा, आणि परिपत्रक तेव्हा काढा.