मॅनेजर बदलला, मग पायरेट्स का नाही बदलले?

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमने मे 2025 मध्ये मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलं, त्यावर मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या होत्या आणि म्हटलं होतं की खरा प्रश्न मॅनेजरचा नाहीच. त्यावर बरेच मेल आले, काही रागावलेले, काही अगदी बेसिक प्रश्न विचारणारे, आणि दोन्ही प्रकारचे मला आवडले. त्यातले काही इथे घेतेय.

प्रश्न (पुण्याहून एक क्रिकेटवेडे वाचक): मला बेसबॉलमधलं फार कळत नाही. क्रिकेटमध्ये मैदानावर कॅप्टन ठरवतो. मग हा मॅनेजर नक्की करतो काय? आणि त्याला काढून फरक तरी काय पडतो?

काका, मॅनेजर म्हणजे अर्धा कॅप्टन आणि अर्धा कोच असं समजा. तो टीमचाच युनिफॉर्म घालून डगआउटमध्ये बसतो, बॅटिंग ऑर्डर तोच लावतो, पिचर दमला की स्वतः चालत मैदानात जाऊन त्याच्या हातातून बॉल घेतो आणि दुसऱ्याला बोलावतो, आणि हे वर्षाला 162 मॅचेस, म्हणजे सहा महिने जवळपास रोज. एखादी मॅच त्याच्या निर्णयाने जाते, एखादी वाचते.

पण टीममध्ये कोण असणार हे तो ठरवत नाही. ते जनरल मॅनेजरचं ऑफिस ठरवतं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षी टीम्स पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, कोणता पोरगा घ्यायचा, कोणाला ट्रेड करायचं, कोणाला किती डॉलर द्यायचे, सगळं तिकडे. पायरेट्समध्ये नोव्हेंबर 2019 पासून हे काम बेन चेरिंग्टनकडे आहे आणि त्यांच्या वर मालक बॉब नटिंग.

आणि मॅनेजरच्या खाली असते मायनर लीगची, म्हणजे क्लबच्याच खालच्या टीम्सची, शिडी. पायरेट्सची सुरू होते फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला, मग ग्रीन्सबरो, मग अल्टूना, मग इंडियानापोलिस, आणि मग कुठे पिट्सबर्ग. आपल्याकडे पोरगा शाळा, क्लब, कांगा लीग असं करत मुंबईच्या रणजी टीमपर्यंत येतो पण प्रत्येक ठिकाणी कोच वेगळा, मालक वेगळा. इथे अठरा वर्षांच्या मुलाला सही करून घेतलं की पुढची चार-पाच वर्षं खालपासून वरपर्यंत सगळे कोच एकाच क्लबच्या पगारावर असतात, त्याची बॅट कशी फिरते, तो काय खातो, सगळं क्लब बघतो. त्यामुळे पोरगा वर आला आणि त्याला बॅटिंग जमत नसेल तर दोष द्यायला दुसरं कोणी नसतंच हो.

प्रश्न (पिट्सबर्गहून एक ताई, वीस वर्षं तिथे राहतात): शेल्टन गेला, डॉन केली आला, आणि टीम पुन्हा आमच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे पाच टीम्सच्या गटात, शेवटचीच. मग काढून काय मिळवलं? निर्णय बरोबर होता का चूक?

ताई, आधी आकडे बघू. शेल्टनला काढलं तेव्हा टीम 38 पैकी 12 मॅच जिंकली होती आणि ओळीने सात हरली होती. केलीने उरलेल्या 124 पैकी 59 जिंकल्या. म्हणजे फरक पडला, उगाच नाही म्हणणार नाही मी. केली तुमच्याच गावचा, माउंट लेबननचा, आधी पाच वर्षं शेल्टनचाच बेंच कोच, म्हणजे उजवा हात, होता, पोरं त्याचं ऐकतात असं खेळातही दिसत होतं. पण शेवटी 71 विजय आणि 91 पराभव. आदल्या दोन्ही सीझनला 76 जिंकल्या होत्या, म्हणजे एकूण वर्ष खालीच गेलं.

शेल्टनचा पूर्ण रेकॉर्ड 306 विजय, 440 पराभव. वाचायला भयंकर वाटतं ना? पण त्याला दिलेली टीम आठवा. 2020 चा कोविडमधला 60 मॅचेसचा सीझन, त्यात 19 विजय. मग 2021 ला 101 पराभव, 2022 ला 100. त्या दोन वर्षांत ऑफिसने अनुभवी खेळाडू विकून पोरं गोळा करायची असंच ठरवलं होतं, त्या टीमला घेऊन कोणताही मॅनेजर जिंकला नसता. आणि बघा, 2025 च्याच ऑक्टोबरच्या शेवटी मिनेसोटा ट्विन्सने त्याला बोलावून स्वतःचा मॅनेजर केलं, म्हणजे बाहेरच्या लोकांना तो टाकाऊ वाटला नाही.

तर माझं मत असं की बदल करायला हरकत नव्हती, ड्रेसिंग रूम थकली होती हे दिसत होतं, पण ज्यांनी टीम बांधली ते जागच्या जागी राहिले आणि जो दिसतो तो गेला, याने मला वाईट वाटलं. स्टँडमध्ये लोक 'टीम विका' म्हणून ओरडतात ते मालकाला उद्देशून आहे, मॅनेजरला नाही, आणि ते लोक चुकीचे नाहीयेत.

प्रश्न (न्यू जर्सीहून): पॉल स्कीन्ससारखा पिचर असून आपण हरतो कसे? आणि आपले खेळाडू दुसऱ्या टीममध्ये गेले की लगेच स्टार कसे होतात? गेरिट कोलचं काय झालं ते अजून विसरलो नाहीये.

दादा, यावर मी पानंच्या पानं लिहू शकते.

स्कीन्सपासून सुरू करू. 2023 चा ड्राफ्टमधला पहिला नंबर, मे 2024 मध्ये मोठ्या लीगमध्ये आला, त्याच वर्षी बेस्ट रूकी, म्हणजे नवखा खेळाडू, आणि 2025 ला बेस्ट पिचरचं साय यंग अवॉर्ड, सगळ्या मतदारांची पहिली पसंती तोच. नऊ इनिंग्जमागे दोनपेक्षा कमी रन देतो, 1.97. आणि बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावरही लिहितात, तर त्याच सीझनला त्याचा स्वतःचा रेकॉर्ड काय, तर 10 विजय आणि 10 पराभव! रन न देणाऱ्या पिचरला टीमने रनच दिले नाहीत. 2025 मध्ये पायरेट्सचे 117 होमरन (आपले सिक्सर समजा), अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी. मान्य आहे की आपल्या ग्राउंडवर, पीएनसी पार्कमध्ये, डावीकडे मधल्या कोपऱ्यात भिंत 410 फुटांवर आहे, राइट हँडेड बॅटरला तिथे मारणं अवघड, पण बाहेरच्या ग्राउंडवर तर ती भिंत नसते.

मग बॅटर का घडत नाहीत? हेन्री डेव्हिसचंच बघा. 2021 चा पहिला नंबर, कॉलेजमध्ये त्याची बॅट बघून घेतलेला कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. वर आल्यावर 2024 ला अॅव्हरेज .144, 2025 ला .167, म्हणजे सहा वेळा उभा राहिला की एक हिट. कीब्रायन हेजला 2022 मध्ये आठ वर्षांचं 70 मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, थर्ड बेसला काय हात आहेत त्याचे, 2023 ला फील्डिंगचा गोल्ड ग्लव्ह मिळाला, पण बॅट कधी चाललीच नाही आणि जुलै 2025 मध्ये त्याला सिनसिनाटीला देऊन टाकलं. एखाद्याचं होतं असं, पण एकामागून एक होत असेल तर शिकवण्यात काहीतरी गडबड आहे. 2024 संपल्यावर हिटिंग कोच अँडी हेन्सला काढलं, मॅट हेगला आणलं, आणि त्याच्या पुढच्याच वर्षीचे ते 117 होमरन. एवढ्या उशिरा, 24-25 वर्षांच्या माणसाची स्विंग मोठ्या लीगमध्ये येऊन दुरुस्त करणं फार कठीण असतं, ती ब्रेडेंटन आणि ग्रीन्सबरोला घडायला हवी.

आता कोल. इथे मला थोडं मागे जाऊ द्या, कारण ही गोष्ट कळली की पायरेट्स कळतात. 1993 ते 2012 अशी सलग वीस वर्षं ही टीम जिंकण्यापेक्षा जास्त हरली, अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या प्रोफेशनल खेळात एवढी लांब रांग नाही. त्या वीस वर्षांत किती मॅनेजर झाले? लेलंड, लॅमाँट, मॅकलेंडन, ट्रेसी, रसेल, आणि मग 2011 ला क्लिंट हर्डल. सगळे बदलून बघितले! मग 2013 ला 94 मॅच जिंकल्या, तेव्हा काय बदललं होतं तर विचार. पिचर्सना सांगितलं की खाली टाका, सिंकर, म्हणजे शेवटी खाली बुडणारा बॉल, टाका, बॅटरला जमिनीवर मारू द्या, आणि फील्डर्सना आकडे बघून बॉल जिथे येणार तिथे आधीच उभं केलं. रसेल मार्टिनसारखा कॅचर आणला जो काठावरचा बॉलसुद्धा अंपायरकडून स्ट्राइक मिळवून द्यायचा. पिचिंग कोच रे सेरेजच्या हाताखाली लिरियानो, बर्नेटसारखे संपले म्हणून सोडलेले पिचर पुन्हा उभे राहिले. त्या वर्षीची सिनसिनाटीविरुद्धची प्लेऑफमधली वाइल्ड कार्ड मॅच मी पहाटे साडेपाचला उठून पाहिली, आपल्याकडे 2 ऑक्टोबर होता म्हणून सुट्टी होती, आणि अख्खं स्टेडियम काळे कपडे घालून त्यांच्या पिचरला चिडवत 'क्वेटो, क्वेटो' ओरडतंय, क्वेटोच्या हातातून बॉल निसटून खाली पडला आणि पुढच्याच बॉलवर मार्टिनने होमरन मारला. आजही लिहिताना अंगावर काटा आला.

2015 ला तर 98 जिंकल्या. पण तोवर बाकी लीग पुढे सरकली होती. खालच्या बॉलला सगळे बॅटर खालून वर बॅट फिरवून मारायला शिकले, आणि हुशार टीम्सनी उलटं उत्तर शोधलं, जोरात फास्टबॉल टाका आणि वर टाका. पायरेट्स मात्र जुनंच शिकवत राहिले. जानेवारी 2018 मध्ये कोलला ह्यूस्टनला दिलं, तिथे त्याला सिंकर जवळपास बंद करायला लावला आणि वरचा फास्टबॉल वाढवला. पिट्सबर्गमधल्या शेवटच्या वर्षी त्याने 196 बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते, ह्यूस्टनला पहिल्याच वर्षी 276, पुढच्या वर्षी 326! हात तोच, माणूस तोच. त्याच 2018 च्या जुलैत क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे टँपा बेला दिले, ग्लासनाउसुद्धा तिकडे जाऊन फुलला आणि इकडे आर्चरने 2019 ला नऊ इनिंग्जमागे पाचपेक्षा जास्त रन दिले. सीझन संपला तेव्हा हर्डल गेला, सेरेज गेला, महिन्याभरात जनरल मॅनेजर नील हंटिंग्टनही गेले. ज्या शिकवणीने टीम वर आली होती तीच न बदलल्यामुळे खाली गेली, आणि तेव्हापासून आपण परत नव्याने सुरुवात करतोय.

स्कीन्सबद्दल एकच सांगते. त्याला रूकी अवॉर्ड मिळाल्यामुळे 2024 चं पूर्ण वर्ष सर्व्हिसमध्ये, म्हणजे मोठ्या लीगमधल्या नोकरीच्या वर्षांत, धरलं गेलं, त्यामुळे 2029 नंतर तो कुठेही जायला मोकळा आहे. म्हणून मला घाई वाटते.

प्रश्न (ठाण्याहून): पण सगळ्यात वाईट हालत तर शिकागो व्हाइट सॉक्सची ना?

आकड्यांनी हो. 2024 ला 121 पराभव, आधुनिक बेसबॉलमधला रेकॉर्ड. मध्येच ओळीने 21 हरले, ऑगस्टमध्ये पेद्रो ग्रिफोलला काढून ग्रेडी साइझमोरला हंगामी मॅनेजर केलं, त्याने 45 पैकी 13 जिंकल्या. पुढच्या वर्षी विल व्हेनेबल आला आणि 60 जिंकल्या. तिथेही गोष्ट तीच आहे, फक्त ते खड्ड्यात एकदम पडले आणि आपण हळूहळू.

प्रश्न (नाशिकहून एक आई): माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, भालाफेक करतो, हात खूप जोरात आहे. भारतातली दोन मुलं पायरेट्सकडून खेळली होती असं त्याने वाचलंय आणि आता तोच हट्ट धरून बसलाय. काय करू?

ताई, वाचलंय ते खरं आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशचे, दोघे भालाफेकवालेच. 2008 मध्ये जोरात बॉल टाकायच्या एका स्पर्धेतून निवडले गेले, त्याआधी त्यांनी बेसबॉलचा ग्लव्ह हातात घातला नव्हता. काही महिने लॉस एंजेलिसला टॉम हाउस या कोचकडे शिकले आणि नोव्हेंबरमध्ये पायरेट्सने दोघांना साइन केलं. 2009 ला ब्रेडेंटनच्या रूकी लीगमध्ये खेळले. दिनेशला 2010 च्या शेवटी सोडलं. डावखुरा रिंकू टिकला, 2012 ला वेस्ट व्हर्जिनियाच्या टीमपर्यंत गेला, मग हाताच्या दुखापतींनी थांबला आणि नंतर कुस्तीच्या शोमध्ये गेला.

मला त्या दोघांचं फार कौतुक आहे. पण ते एकोणीस-वीस वर्षांचे असताना पहिल्यांदा शिकत होते, आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली डॉमिनिकन पोरं पाच-सहा वर्षांची असल्यापासून खेळत होती, सोळाव्या वर्षी सही करून पायरेट्सच्या एल तोरोच्या अॅकॅडमीत राहिलेली. नुसता जोर पुरत नाही, बॉल पाहिजे तिथे पडायला हजारो वेळा टाकावा लागतो. तर हट्ट मोडू नका. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा, आधी एक वर्ष टीममध्ये खेळू द्या. आणि खांदा दुखतोय म्हणाला तर त्या दिवशी थांबवा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. भाला सोडायला मात्र आत्ताच सांगू नका.

प्रश्न (पेन्सिल्वेनियातून एक बाबा): पीएनसी पार्कची तिकिटं काढून हरताना बघायचा कंटाळा आलाय. लेकीला घेऊन अल्टूनाला मायनर लीग बघायला जावं का?

नक्की जा! पिट्सबर्गहून साधारण दोन तास, छोटं ग्राउंड, राइट फील्डच्या भिंतीमागे लाकडी रोलर कोस्टर आहे, लेक खूश होईल. 2024 ला नवव्या नंबरवर घेतलेला कॉनर ग्रिफिन 2025 मध्ये ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो करत एकाच सीझनमध्ये तिथपर्यंत पोचला होता, शिडीच्या तीन पायऱ्या एका वर्षात, वय 19. ड्राफ्टच्या आधी स्काउट्सना त्याच्या बॅटिंगबद्दलच शंका होती, म्हणजे खालच्या कोचेसनी काहीतरी बरोबर केलं आणि मला हे बघून खरंच बरं वाटलं.

तिथे गेलात की स्कोअर बघू नका. एक बॅटर निवडा, शक्यतो वीस-एकवीस वर्षांचा, आणि त्याची प्रत्येक बॅटिंग बघा. पहिल्या वेळी बाहेर वळणाऱ्या बॉलवर, स्लायडरवर, बॅट फिरवून फसला असेल तर तिसऱ्या वेळी तोच बॉल सोडतो का, एवढंच. सोडला तर मला कळवा, कोणता खेळाडू होता तेही लिहा.