ताडोबा-पेंचसाठी दुसरी बॉडी घ्यावी की सगळा पैसा टेलिफोटो लेन्सवर घालावा?

तुमच्याकडे निकॉन डी७५०० कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते), दीड लाखाच्या आसपास खर्च करण्याची तयारी आहे आणि हा पैसा दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, व दूरचे जवळ दाखवणारी टेलिफोटो लेन्स यांत कसा वाटावा, असा तुमचा प्रश्न आहे. शेवटी तुम्ही जे विचारले आहे, की हौशी माणसाला दुसरी बॉडी लागतेच कशाला, ते वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमचे साडू नागपूरचे आहेत आणि फोटो चांगले काढतात, हे आधीच मान्य करतो. त्यांचे मत असे की एक उत्तम बॉडी, तिच्यावर १५०-६०० आणि खिशात टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून लेन्सची पोच वाढवणारा जोड) एवढे असले की माणसाला जंगलात काही कमी पडत नाही. दोन कॅमेरे गळ्यात अडकवणे म्हणजे निव्वळ मिरवणे. घरात कोणाचेही लग्न असो वा बारसे, जेवणाच्या पंगतीत हा विषय निघतोच.

मे महिन्यातल्या एका दुपारच्या सफारीत आम्ही दोघे एकाच जिप्सीत होतो. ताडोब्यातल्या पांढरपौनीच्या पाणवठ्यावर एक वाघीण नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पाठमोरी पाण्यात शिरून मानेपर्यंत बुडून बसली होती. अंतर पन्नासेक मीटर असेल. माझ्या निकॉन डी५०० बॉडीवर २००-५०० लेन्स होती, साडूंच्या कॅननवर त्यांची १५०-६००. दोघांचेही उत्तम चालले होते आणि साडू मला टोमणे मारण्याच्या खुशीत होते. मग वाघीण उठली, काठावर आली, अंग झटकले आणि जिप्सींच्या रांगेकडे सरळ रस्त्याने चालू लागली. पाचशे मिलिमीटरला आमच्यासारख्या क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) पन्नास मीटरवर साधारण २.४ मीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे आडवी वाघीण आरामात बसते. तेच वीस मीटरवर जेमतेम एक मीटर उरते आणि नुसता चेहरा मिळतो. ती सहा-सात मीटरवर आली तेव्हा माझी मोठी लेन्स दोनशेवर आणूनही तिचे डोके आणि खांदा यापलीकडे काही दिसत नव्हते. मी डी५०० मांडीवर ठेवला आणि डाव्या खांद्याला लटकलेला डी७५०० उचलला. त्यावर ७०-३०० होती, सत्तरला लावलेली. साडूंनी त्याच वेळी लेन्स बदलायला घेतली. मोठी लेन्स दोन गुडघ्यांत धरलेली, छोटीचे मागचे झाकण दातात, बॉडीचे तोंड उघडे, आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या जिप्सीवाल्याने गाडी मागे घेऊन धुळीचा लोट उठवला. वाघीण आमच्या बाजूने निघून गेली. माझ्या फोटोत तिच्या पोटाच्या ओल्या केसांतून पाणी गळते आहे आणि तिच्या मागे रस्त्यावर थेंबांची काळपट रेघ उमटली आहे. खालच्या कोपऱ्यात साडूंचा कोपर धूसर दिसतो. तो कापून टाकावा असा त्यांचा आग्रह अजूनही असतो, पण मी तो कापलेला नाही. साडूंच्या मते तो सगळा नशिबाचा भाग होता. त्यांच्या सेन्सरवर बसलेली धूळ मात्र नशिबाने साफ झाली नाही, त्यासाठी नागपूरच्या सीताबर्डीत दुकानात पैसे मोजावे लागले.

तेव्हा दुसरी बॉडी ही पहिली बंद पडली तर असावी म्हणून घ्यायची वस्तू नाही. ताडोब्यात वाघ जिप्सीच्या अगदी जवळून जातात, आणि उन्हाळ्यात उघड्या गाडीत लेन्स बदलणे हा अडाणीपणा आहे.

आता तुमच्यापुरते सांगायचे तर लेन्स निकॉनची २००-५०० एफ ५.६ घ्यावी. २०१५ सालची आहे, दोन किलोंहून जड आहे, पण पाचशेलाही एफ ५.६ देते (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो), आणि पेंचच्या सागवनात किंवा ताडोब्याच्या बांबूत पहाटेच्या उजेडात प्रत्येक स्टॉप, म्हणजे उजेडाची दुप्पट किंवा निम्मी पायरी, मोलाचा असतो. १.४ पट टेलिकन्व्हर्टर लावला की एक स्टॉप जातो, म्हणून तो साडूंकडेच राहू द्यावा. बॉडी वापरलेली डी५०० घ्यावी. ती बाजारात नवी मिळत नाही, परंतु तुमच्या डी७५०० चाच २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर तिच्यात आहे, बॅटरी त्याच जातीची आहे, एसडी कार्ड तिलाही चालते आणि आयएसओचे (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा त्याचे) बटण दोन्हींवर शटरजवळच आहे. नजर वाघावर असताना बोटांना बटण शोधावे लागू नये, हा मुद्दा मला मेगापिक्सेलपेक्षा मोठा वाटतो. फोकसचे बिंदू ५१ ऐवजी १५३ मिळतात, तेव्हा मोठी लेन्स डी५०० वर आणि ७०-३०० तुमच्या जुन्या बॉडीवर, अशीच मांडणी ठेवावी. डी७५०० च्या डायलवरची यू१ आणि यू२ ही आपल्या सेटिंग्ज साठवून ठेवण्याची सोय डी५०० वर नाही, तिची सवय मोडावी लागेल. वापरलेली बॉडी घेताना शटर काउंट, म्हणजे तिने आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारावा. डी५०० चे शटर दोन लाख फोटोंसाठी तपासलेले आहे. जुन्या लेन्सच्या आरपार टॉर्च मारून बुरशी पाहावी. दोन्ही मिळून दीड लाखात बसत नसेल, तर लेन्स आधी घ्यावी आणि बॉडीसाठी थांबावे. इथे साडू बरोबर आहेत, पण ते त्यांना कळवण्याची गरज नाही.

मोठी लेन्स घेतल्यावर गाडी पुढे घ्यायला सांगण्याचे कारणही उरत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी घेरले होते आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. हातात पाचशेची लेन्स असूनही जो गाइडला "जरा अजून पुढे" म्हणतो, त्याने कॅमेरा विकून टाकावा.

मिररलेसचे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पिढीच्या कॅमेऱ्यांचे, तुम्ही विचारलेच नाही, तरी एवढे सांगतो की निकॉनच्या मिररलेसला जुन्या लेन्स जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर २००-५०० ऑटोफोकससह चालते, त्यामुळे पुढे तिकडे गेलात तरी लेन्सचे पैसे वाया जाणार नाहीत. मात्र निकॉनची मिररलेस झेड५० टू घेतल्यास तिची बॅटरी वेगळी आहे. मे महिन्यात सकाळी नऊनंतर लांबच्या वाघाचा फोटो धूसर आला तर लेन्स दुकानात परत नेऊ नये, तापलेल्या हवेला कोणतीच लेन्स दाद देत नाही. आणि तुमचा ओढा नागपूरच्या गोरेवाडा किंवा अंबाझरी तलावावरच्या पक्ष्यांकडे अधिक असेल, तर वरचे बरेचसे गैरलागू आहे, कारण पक्षी जवळ येत नाहीत आणि तिथे एकच बॉडी व मिळेल तेवढी लांब लेन्स पुरते.