चवथीच्या सुट्टीनंतर संगणकांना पत्ता का मिळेना?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात संगणक शिकवतो. प्रयोगशाळेचे नेटवर्क १९२.१६८.२०.० आणि कार्यालयाचे १९२.१६८.१०.० असून दोन्ही वेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर वेगळ्या ठेवलेल्या आभासी नेटवर्कमध्ये) आहेत. विद्यार्थी कार्यालयाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचू नयेत म्हणून मी लेअर-३ स्विचवर (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट पोहोचवणाऱ्या स्विचवर), प्रयोगशाळेच्या व्हीलॅन इंटरफेसला आत येण्याच्या दिशेने, दोन ओळींची एक्स्टेंडेड ॲक्सेस लिस्ट (कोणते पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, जाऊ द्यायचे हे ठरवणारी नियमांची यादी) लावली : २० च्या नेटवर्ककडून १० च्या नेटवर्ककडे जाणारे सर्व डिनाय (अडवा) आणि २० कडून अन्यत्र जाणारे सर्व परमिट (जाऊ द्या). दोन दिवस सारे सुरळीत चालले. चवथीची सुट्टी संपवून आलो, तर एकाही संगणकाला आयपी पत्ता मिळेना. पत्ते स्विचच देतो आणि लीज (पत्ता वापरण्याची मुदत) ४ दिवसांची आहे. सुट्टीत कोणी काहीही बदललेले नाही.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बिघाड सुट्टीत झालेला नाही. आपण यादी लावली त्याच क्षणी तो झाला होता. संगणकांकडे जुनी लीज शिल्लक असल्यामुळे तो दिसला नाही, इतकेच.

ॲक्सेस लिस्ट वरून खाली वाचली जाते, पहिली जुळणारी ओळ लागू होते आणि कोणतीच ओळ जुळली नाही, तर शेवटी न लिहिलेला 'सर्व डिनाय' पॅकेट टाकून देतो. ज्याची लीज संपली आहे, अशा संगणकाकडे स्वतःचा पत्ताच नसतो. त्यामुळे तो डीएचसीपीची (आपोआप पत्ता मिळवण्याच्या पद्धतीची) मागणी ०.०.०.० या पत्त्यावरून, यूडीपी या वहन-पद्धतीच्या पोर्ट ६८ (मागणाऱ्याचे दार) वरून ६७ (पत्ता देणाऱ्याचे दार) कडे पाठवतो. आपल्या दोन्ही ओळी २० च्या नेटवर्कमधून निघालेल्या पॅकेटांविषयी आहेत, ०.०.०.० त्यांपैकी कोणत्याच ओळीत बसत नाही. म्हणून ५ या क्रमांकाने, दोन्ही ओळींच्या आधी, कोणत्याही पत्त्याच्या यूडीपी ६८ वरून कोणत्याही पत्त्याच्या ६७ कडे जाणारी पॅकेट परमिट करणारी ओळ घालावी. ओळींना १०, २० असे क्रमांक असतात, ते अशा सोयीसाठीच.

आणखी एक अडचण आपल्याला लवकरच जाणवेल. ही यादी आधीचे संभाषण लक्षात ठेवत नाही. कार्यालयातून कोणी प्रयोगशाळेतील संगणक उघडू पाहिला, तर त्याचे उत्तर २० कडून १० कडे जाते आणि पहिल्याच ओळीत अडते. टीसीपीपुरता (आधी जोडणी करून माहिती पाठवणाऱ्या पद्धतीपुरता) 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे आधीच सुरू झालेल्या जोडणीतले, हा शब्द जोडलेली परमिटची ओळ डिनायच्या वर ठेवल्यास ते उत्तर जाऊ शकेल.

अदृश्य डिनाय शोधायचा असेल, तर शेवटी तीच ओळ 'लॉग' जोडून स्वतः लिहावी, म्हणजे अडलेले पॅकेट नोंदीत दिसते. शोध संपल्यावर मात्र 'लॉग' काढावा, कारण त्या पॅकेटांचा भार स्विचच्या सीपीयूवर पडतो.

यापुढे यादी बदलल्यावर केवळ इंटरनेट चालते की नाही, एवढेच पाहू नये. एका संगणकावर 'आयपीकॉन्फिग रिलीज' आणि त्यानंतर 'रिन्यू' हे आदेश द्यावेत. हातचा पत्ता सोडून दिल्यामुळे संगणकाला ०.०.०.० वरूनच नव्याने मागणी करावी लागते, आणि ही चूक पहिल्याच दिवशी आपल्या नजरेस पडली असती.