सहाशे शब्द पाठ झाले, पण वाक्यात एकही बसेना

प्रश्न : मी विज्ञान शाखेत पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. परदेशात एम.एस. करायची इच्छा आहे, म्हणून चार महिन्यांनी जीआरई देणार आहे. एका यादीतले रोज तीस शब्द अर्थासह पाठ करते. 'ए'पासून सुरुवात केली, आता 'डी' संपत आलं. साधारण सहाशे शब्द झाले. पण सराव परीक्षेत शब्द ओळखीचा वाटतो आणि उत्तर मात्र चुकतं. गेल्या आठवड्यात अर्जासोबतच्या निबंधात मी लिहिलं, की माझ्या प्रकल्पाच्या निकालाबद्दल मी 'कम्प्लेसंट' आहे. माझ्या वहीत त्याचा अर्थ 'समाधानी' असा लिहिलेला होता. मैत्रिणीने वाचून मला थांबवलं, तेव्हापासून कुठलाच नवा शब्द वापरायची भीती वाटते. माझी स्मरणशक्तीच कमी पडते आहे का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी काळजी वाटली, दुसऱ्यांदा मात्र बरं वाटलं, कारण तुझी स्मरणशक्ती चांगलीच आहे. 'कम्प्लेसंट' म्हणजे 'समाधानी' हे तुला अगदी नीट आठवलं. चूक आठवण्यात झाली नाही. तू जे लक्षात ठेवलंस ते अपुरं होतं.

'कम्प्लेसंट' माणूस समाधानी असतो हे खरं. पण ते समाधान असं, की त्यापायी तो गाफील राहतो. सगळं ठीक चाललंय असं मानून पुढचा धोका पाहायचंच सोडून देतो. म्हणून हा शब्द जवळजवळ नेहमी दोष दाखवण्यासाठी येतो. सलग जिंकणारा संघ कम्प्लेसंट होतो आणि दुबळ्या संघाकडून हरतो. वहीतल्या एका शब्दाच्या अर्थात हा गाफीलपणा कुठून येणार?

अशीच गोष्ट इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा मुलांच्या बाबतीतही घडते, हे तुला कळायला हवं. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डी या अमेरिकन अभ्यासकांनी १९८७ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मुलं शब्द कसे शिकतात यावर एक लेख लिहिला होता. त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना शब्दकोशातल्या व्याख्या वाचायला देऊन वाक्यं करायला सांगितली. एका मुलाने लिहिलं, की आमचं कुटुंब बऱ्याचदा 'इरोड' करतं. शब्दकोशात 'इरोड'च्या अर्थात 'ईट आउट' असे शब्द होते. म्हणजे कुरतडून, झिजवून टाकणं. मुलाला मात्र 'ईट आउट' म्हणजे बाहेर जेवायला जाणं एवढंच ठाऊक होतं. दुसऱ्या एकाने 'स्टिम्युलेट'च्या व्याख्येत 'स्टर अप' वाचलं आणि एका बाईंनी सूप 'स्टिम्युलेट' केलं असं वाक्य केलं. व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलायचा, त्याचं वाक्य मनात जुळवायचं आणि त्या तुकड्याच्या जागी नवा शब्द ठेवून द्यायचा. तूही नेमकं हेच केलंस.

मग व्याख्या सोडून नुसती उदाहरणाची वाक्यं वाचावीत का? बरीच मुलं माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. त्याचंही उत्तर त्याच अभ्यासात आहे. राजाचा भाऊ सिंहासन 'युसर्प' करू पाहत होता, अशा अर्थाचं वाक्य मुलांना दिलं. वाक्य उत्तम आहे. मुलांनी त्यावरून 'युसर्प' म्हणजे 'घेणे' असा अर्थ लावला आणि मग खोलीतली खुर्ची 'युसर्प' झाली, चोराने तिजोरीतले पैसे 'युसर्प' केले. अधिकार नसताना सत्ता किंवा पद बळकावणं, ही त्या शब्दाची मर्यादा एका वाक्यातून मुलांच्या लक्षात आली नाही.

म्हणून मी व्याख्या आणि वाक्य या दोघांना वेगवेगळं काम देते. व्याख्येने शब्दाची हद्द कळते. वाक्यांतून, आणि मी अनेकवचन मुद्दाम वापरते आहे, शब्दाची संगत कळते. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाचं १९५७ मधलं एक प्रसिद्ध प्रतिपादन आहे, की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. आपल्या मराठीतच बघ. तहान लागते, ओढ लागते, नाद लागतो, ठेच लागते, दृष्ट लागते. धीर धरतात, हट्ट धरतात, अबोला धरतात, पण वचन पाळतात. 'लागणे'ची व्याख्या तुला कुणी पाठ करायला लावली होती का? हजारदा ऐकून ती जोडी कानात बसली. इंग्रजीत तुला हजारदा ऐकायला वेळ नाही, चार महिने आहेत. म्हणून हे ऐकणं आपल्याला जाणूनबुजून, थोडक्यात घडवून आणायचं आहे.

एकच शब्द घेऊन दाखवते. तुझ्या यादीत पुढे 'मिटिगेट' येईल आणि त्यासमोर बहुधा 'कमी करणे' असं लिहिलेलं असेल. तेवढं वाचून तू वजन मिटिगेट करशील, पंख्याचा वेग मिटिगेट करशील. दोन्ही चूक. आता शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघड. या शब्दकोशांची एक खुबी आहे. लाँगमनच्या १९७८च्या अशा कोशात सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच लिहिल्या होत्या, म्हणजे एका अवघड शब्दासाठी दुसरा अवघड शब्द शोधत फिरायला नको. १९८७च्या कोबिल्ड कोशाने त्याही पुढे जाऊन व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिल्या, त्यामुळे शब्द कसा वापरतात ते अर्थ वाचतानाच दिसतं. मोठ्या, सर्वसाधारण इंग्रजी कोशापेक्षा तुला आत्ता असाच कोश हवा.

तिथे तुला कळेल, की मिटिगेट होते ती नेहमी नकोशी, अपायकारक गोष्ट, आणि ती नाहीशी होत नाही, तिची धार कमी होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मऊ, सौम्य'. मग वाक्यं बघ, निदान तीन, आणि वेगवेगळ्या क्षेत्रांतली. झाडं लावून पुराचा परिणाम मिटिगेट करता येतो. कंपनी जोखीम मिटिगेट करण्यासाठी गुंतवणूक विभागून ठेवते. न्यायालय शिक्षा ठरवताना 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस' विचारात घेतं, म्हणजे गुन्ह्याचं गांभीर्य सौम्य करणारी परिस्थिती. तीन वाक्यांत तीन सोबती मिळाले : इफेक्ट, रिस्क, सर्कमस्टन्सेस. ते शब्दासोबतच लिहून ठेव. शेजारी एक इशाराही लिही, की 'मिलिटेट' हा वेगळा शब्द आहे, तो 'अगेन्स्ट' घेऊन येतो आणि त्याचा अर्थ 'एखाद्या गोष्टीच्या आड येणे' असा आहे. या दोघांची गल्लत इंग्रजी उत्तम येणाऱ्यांकडूनही होते.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं : चौथं वाक्य तुझं, तुझ्या विषयातलं. तुझ्या प्रकल्पात मोजमापाची चूक कमी करण्यासाठी तू काय केलंस? ते 'मिटिगेट' वापरून लिही. हे वाक्य एखाद्या शिक्षकाला किंवा चांगलं इंग्रजी येणाऱ्या मैत्रिणीला दाखव. तुझ्या त्या मैत्रिणीने तुला निबंधात थांबवलं, तिचे मनापासून आभार मान आणि आठवड्यातून एकदा तिला दहा वाक्यं वाचायला दे. चूक तिच्यासमोर होऊ दे.

हे सगळं तीस शब्दांसाठी रोज शक्य नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. रोज आठ शब्द घे. आकडा ऐकून जीव धास्तावेल, पण चार महिन्यांत ते नऊशेच्या पुढे जातात आणि हाताशी राहतात.

अक्षरक्रमाने शिकणं आजच थांबव. 'अबेट', 'अ‍ॅबरंट', 'अ‍ॅबेयन्स', 'अ‍ॅब्स्कॉन्ड' हे एकापाठोपाठ एक पाठ केले, की कान त्यांना एकाच माळेत ओवतो आणि परीक्षेत कुठला कोण ते सुटं होत नाही. अर्थाने जवळचे शब्दही एकाच दिवशी नकोत. 'चिडणे'च्या छटांचे सहा शब्द एका बैठकीत शिकले तर ते एकमेकांत मिसळतात. टिंकहॅम या अभ्यासकाच्या १९९३ मधल्या प्रयोगांत एकाच अर्थगटातले नवे शब्द शिकायला असंबंधित शब्दांपेक्षा जास्त कष्ट पडलेले दिसले. पुस्तकांत मात्र समानार्थी शब्दांचे गट करून द्यायची सवय आहे, ती मला पटत नाही. आधी एक पक्का होऊ दे, मग आठवडाभराने त्याचा भाऊबंद आण आणि दोघांतला फरक लिही. 'टिनेशस', 'ऑब्स्टिनेट', 'रेझोल्यूट' तिघेही आपली जागा सोडत नाहीत. पण पहिला चिवट, दुसरा हट्टी आणि तिसरा निश्चयी. शिफारसपत्रात या तिघांतला कुठला शब्द आला यावर उमेदवाराचं चित्र बदलतं.

मूळ धातू आणि उपसर्ग शिकलीस तर फायदा होतो. 'बेने' भल्याचा, 'मॅल' वाईटाचा, आपल्या 'सु' आणि 'दुर्'सारखेच. 'बेनेव्होलंट' आणि 'मॅलेव्होलंट' लगेच उलगडतात. मात्र केवळ आवाजावरून अंदाज बांधू नकोस. 'एनर्व्हेट' ऐकून 'एनर्जी' आठवते आणि अर्थ नेमका उलटा आहे : गळून जायला लावणं, त्राण काढून घेणं.

उजळणीबद्दल. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत, दिवसांत झपाट्याने विसरतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. म्हणून शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी समोर येऊ दे. वही उघडून पुन्हा वाचणं ही उजळणी नाही, हे मी जरा जोर देऊन सांगते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. सराव परीक्षेतला तुझा तो 'शब्द ओळखीचा वाटतो' हा अनुभव पुन्हापुन्हा वाचण्यातूनच येतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहिण्याऐवजी शब्दाची जागा रिकामी ठेवून वाक्य लिही आणि शब्द मागच्या बाजूला. मग कार्ड कागदाचं असो की मोबाइलमधल्या अ‍ॅपचं, फार फरक पडत नाही.

परीक्षाही हेच मागते. जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाधर्म्याचे, म्हणजे शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखायचे, प्रश्न २०११मध्ये काढून टाकले गेले. आता शब्द येतात ते वाक्यातल्या, उताऱ्यातल्या रिकाम्या जागांसाठी. काही प्रश्नांत सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात, की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा. तिथे वाक्यातला 'ऑल्दो', 'फार फ्रॉम', 'इन्डीड' वाचता आला नाही, तर पाठ केलेले अर्थ हाताशी असूनही उत्तर चुकतं. म्हणून पर्याय झाकून आधी रिकाम्या जागी तुझा साधा शब्द भर, मराठी सुचला तरी चालेल, आणि मग पर्याय बघ.

अजून एक विचारते. 'असेस', 'अझ्यूम', 'कन्सिस्टंट', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट' हे शब्द तू लिहिताना सहज वापरतेस का? अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातून ५७० शब्दकुलांची यादी काढली. शब्दकुल म्हणजे एक शब्द आणि त्याच्यापासून झालेली त्याची रूपं. ती कुलं अशा मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग व्यापतात. एम.एस.चे शोधनिबंध वाचताना आणि लिहिताना तुझं रोजचं काम या शब्दांशी पडणार आहे. 'अ‍ॅब्स्कॉन्ड' वर्षातून एकदा भेटेल. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी ही यादी आधी करायला सांगते, कारण हे शब्द दिसायला सोपे असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं आणि लेखन तिथेच अडखळतं.

जे सहाशे शब्द झाले ते वाया गेले असं समजू नकोस. एका रविवारी ती वही घे आणि तीन खुणा कर. वाक्यात ओळखता आला की पुरे, असे शब्द. स्वतःला लिहिता-बोलता यायला हवेत, असे. आणि सध्या सोडून द्यायचे. मधला गट शंभरच्या आसपास राहिला तरी पुष्कळ आहे, त्यांचीच चार-चार वाक्यांची कार्डं कर. मुलाखतीत भारदस्त शब्दांनी छाप पडते असं तुला कुणी सांगितलं असेल, तर ते मनातून काढ. समोरचे लोक तुझं म्हणणं ऐकायला बसलेले असतात.

आता तो निबंध. 'कम्प्लेसंट'च्या जागी 'सॅटिस्फाइड' लिहिलंस तर वाक्य शुद्ध होईल. पण माझं ऐकशील तर ते वाक्यच काढ आणि तिथे प्रकल्पातून काय हाती लागलं ते दोन ओळींत लिही, तुला आधीपासून येत असलेल्या इंग्रजीत. मोजमापातली चूक कशी कमी केली तेही लिही. तिथे 'मिटिगेट' आपणहून सुचला, तर राहू दे.